जाळ्याखालची लाखोरी

डोमा ढिवराकडे शब्दांची कधी कमी नव्हती. मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या, पाळीवर, बांधावर, उभा राहून तो पलीकडच्या काठावरच्या माणसाला अशी हाक मारायचा, की मधल्या पाण्यातले बगळे उडून जायचे. मासोळी विकताना त्याचं तोंड चालायचं, लग्नाच्या मांडवात चालायचं, मयतीला तर लोक रडणं थांबवून त्याचं ऐकत बसायचे. आणि सत्त्याण्णवच्या भादव्यात एका सकाळी, जाळं खांद्यावर टाकता टाकता, हा माणूस आपल्याच दारात खाली बसला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, ओठ एका बाजूला उतरले. चंद्रपूरच्या दवाखान्यातून त्याचा मुलगा भूपेश त्याला परत घेऊन आला तेव्हा, भरल्या कणगीच्या तळाशी एखादा दाणा चिकटून राहावा तसा, डोमाजवळ एकच शब्द उरला होता.

"काऊन."

का, कशाला, कशासाठी, या सगळ्याला मिळून इकडे हा एकच शब्द. डोमाला तहान लागली तरी काऊन, माशी हाकायची असली तरी काऊन, भात करपल्याचा वास आला तरी काऊन. सुरुवातीला त्याची बायको देवकाबाई रडकुंडीला यायची.

"काऊन म्हंजे काय वो? पानी पायजे?"

"काऊन!"

"उन्हात बसवू?"

"काऊन!" आणि डाव्या हातानं खाटेवर धपका.

गावातल्या पोट्ट्यांना मात्र आयतंच खेळणं मिळालं. शाळेतून येताना एक पोट्टा इकडून तोंड वाकडं करून "काऊऽऽन?" म्हणायचा, दुसरा तिकडून "काऊन!" असा तोडून टाकायचा. काऊनबुढा, काऊनबुढा. देवकाबाई पहिल्यांदा काठी घेऊन मागं धावली. दुसऱ्या दिवशी काठी उचलली आणि तशीच उभी राहिली. पोट्टे नक्कल करत होते ती अगदी बरोबर करत होते. लांब ओढून शेवटी पडणारा तो सकाळचा काऊन, तांब्या भरून दिला की बंद होणारा. नाकातून निघणारा तो शेजारची अंजनाबाई आली की निघणारा. तिचे कान रडून रडून भरले होते, पोट्ट्यांचे मोकळे होते. त्या दिवसापासून ती दाराआड उभी राहून पोट्ट्यांची नक्कल ऐकू लागली आणि नवऱ्याचं बोलणं शिकली.

"समजते का तुले बुढ्याचं?" अंजनाबाई विचारायची. हिच्या तोंडापुढं जुना डोमाच काय तो टिकायचा.

"समजते."

"मंग सांग, आता काय म्हनला?"

"तुले जा म्हनला."

पण दवाखान्यातून निघताना डॉक्टर भूपेशला जे म्हणाले होते ते समजायला कोणाची नक्कल ऐकायची गरज नव्हती. दुसरा झटका आला तर माणूस हाती लागणार नाही. देवकाबाईनं ते ऐकलं, आणि गावात पाय ठेवताच घरी न जाता आधी पाळीवर गेली. तिथं कडुनिंबाखाली शेंदूर लावलेली मातामाय आहे. देवकाबाई तिच्यापुढं भुईला डोकं टेकून म्हणाली, "माय, यायले आपल्या पायानं तुह्या पाळीवर आन. मी तुले काळी कोंबडी देतो, एक बी पांढरं पीस नसलेली. आन मंग त्यायले हात लावू नको."

घरी खुराड्यात तेव्हा पिल्लं होती. त्यातलं एकच पूर्ण काळं होतं. देवकाबाईनं त्याच्या पायाला लाल दोरा बांधला.

मातामायनं आपलं अर्धं काम लवकर केलं. दिवाळी सरली आणि डोमा खाटेची कड धरून उभा राहू लागला. कार्तिक संपता संपता काठी टेकत, उजवा पाय मातीत ओढत, दारापर्यंत आला. मग देणं देवकाबाईकडं लागलं. माघात नवस फेडायचा ठरला.

आणि कोंबडी तर वाळत चालली होती.

धान कापून झाला की इकडची हिरवळ एका आठवड्यात माघारी जाते. बांधावरचं गवत पिवळं पडतं, सांदवाडी, म्हणजे घरामागची परसबाग, खरवडल्यासारखी होते. कोंबड्यांना मिळतो तो भिजवलेला कोंडा. काळ्या पिल्लाची आता तलंग झाली होती, अंड्यावर यायला आलेली, पण पिसांना तेज नाही, तुरा फिका. मातामायची पूजा लटारूच्या घराण्याकडे होती. तो एक दिवस येऊन तलंग उचलून पाहून गेला. तिच्या छातीचं हाड त्यानं बोटानं चाचपलं.

"बाई, हे मायले खायाले देतेस का मायले पोसाले देतेस?"

"खाऊ तं घालून राह्यलो ना भाऊ."

"कोंडा खाऊन मी बी असाच होतो," लटारू आपल्या बरगड्या दाखवत म्हणाला. "हिरवं घाल हिले. हिरवं."

देवकाबाईनं तलावातला गाळ टोपल्यानं आणून दक्षिणेच्या भिंतीशी ओतला. त्या भिंतीवर दिवसभर ऊन असायचं आणि वारं लागायचं नाही. त्यात लाखोरीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, बी विखुरलं, थोडी मेथी, थोडा सांभार, म्हणजे कोथिंबीर. सकाळी पाहते तर कोंबड्यांनी सगळं उकरून गाळाची रांगोळी केलेली. पुन्हा पेरलं, वर काट्या टाकल्या. कोंबड्या काट्यांतून शिरल्या. कोंब वर आला की मुळासकट ओढायच्या, खायच्या कमी आणि उधळायच्या जास्त.

"कोंबड्याईसाठी वावर करून राह्यली का वो?" अंजनाबाई कुंपणावरून म्हणाली. "मंग त्यायलेच सांग ना नांगर धराले."

"तू धरतेस का?"

"माह्ये पाय एवढे बारीक नाई."

त्या दुपारी देवकाबाई पडवीत बसली होती. समोर खुंटीला डोमाचं जाळं टांगलेलं होतं. फेकायचं जाळं, डोमानं स्वतः विणलेलं, दोन बोटांच्या आसाचं, म्हणजे दोन बोटं जातील एवढ्या भोकांचं. भादव्यापासून ते तिथंच होतं. घरात ते कोणी ओलांडायचं नाही. भूपेश लहान असताना एकदा त्याचा पाय पडला, तर डोमानं आधी पाठीत धपका घातला आणि मग त्याला जाळ्याच्या पाया पडायला लावलं. देवकाबाई जाळ्याकडे पाहत राहिली, मग जाळ्याच्या आसांकडे. कोंब वर येईल. चोच आत जाईल. पाय जाणार नाही.

ती खाटेजवळ गेली.

"ऐकता का? जाळं घेऊ का? भाजीवर ताणून टाकतो. कोंबड्याईले शेंडा भेटन, मूळ राहीन."

डोमानं जाळ्याकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं.

"काऊन," तो म्हणाला.

हा काऊन पोट्ट्यांनी कधी काढला नव्हता. ना लांब, ना तोडलेला, ना वर गेलेला, ना खाली पडलेला. देवकाबाई थोडी थांबली. 'काऊन नाई, घे ना,' असं असेल, तिनं मनाशी म्हटलं. घाईही होती, माघ जवळ येत होता. तिनं जाळं काढलं, त्याच्या पाया पडली, कडेला वजनासाठी लावलेल्या शिशाच्या गोळ्या सोडवून डब्यात ठेवल्या. बांबूच्या खुंट्या ठोकून चार बोटं उंचीवर जाळं असं ताणलं की वरून कोंबडी चालली तरी पाय गुंतू नये.

पौषात त्या भिंतीशी गावात कुठं नव्हतं एवढं हिरवं होतं. लाखोरीचे शेंडे जाळ्यातून वर यायचे, कोंबड्या चालत चालत ते टिपायच्या, खालचं मूळ तसंच, दोन दिवसांनी पुन्हा शेंडे. सकाळच्या धुक्यात जाळ्यावर दव बसायचं. डोमा ऊन आलं की तिथं जाऊन बसू लागला. डाव्या हातानं पाणी शिंपडायचा. मेथीचा शेंडा आसात अडकला असला तर बोटानं वर काढून द्यायचा.

आणि कोंबड्यांशी तो बोलायचा. म्हणजे आपला शब्द म्हणायचा. हा वेगळाच होता, जिभेच्या टोकावर घोळवलेला, "काऊन-काऊन-काऊन." बाकीच्या कोंबड्या ढुंकून पाहत नसत. काळी तलंग मात्र कुठंही असली तरी पंख पसरून धावत यायची, मान वाकडी करून त्याच्या तोंडाकडे पाहायची, आणि घशातून एक आवाज काढायची, तोही थेट तसाच. "कॉऽऊ?"

"आता दोन झाले," अंजनाबाई म्हणाली. "बुढा बी काऊन, कोंबडी बी काऊन. तू एकटीच उरली वो शहानी."

देवकाबाई हसली नाही. लाल दोऱ्याच्या पायाकडे पाहणं तिनं त्या दिवसापासून टाळलं.

संक्रांतीला भूपेश ऊर्जानगरहून आला, सोबत बायको जया. तिथं तो ठेकेदाराकडे कामाला होता. त्यानं बापाला आणि कोंबडीला सकाळभर पाहिलं आणि आईला चुलीशी गाठलं.

"आई, मी बाजारातून दुसरी आनतो. काळीच आनतो. ही राहू दे."

"हिचा दोरा बांधला, बाबू."

"मायले काय दोरा दिसते?"

"मंग काय दिसते?" देवकाबाईनं फुंकणी खाली ठेवली. "तुह्या बाबाले उभं कोनं केलं? तिनंच ना? आता म्या तिले दुसरीच कोंबडी दाखवू? आन उद्या बुढा पुन्हा दारात बसला, तं तू काय बाजारातून दुसरा बाप आनतेस?"

जया म्हणाली, "मामाजींना माहीत आहे का?"

माहीत होतं. दोरा बांधला तेव्हा तो खाटेवरून पाहतच होता. पण माहीत असणं वेगळं आणि विचारणं वेगळं. विचारायला देवकाबाईचं धाडस होत नव्हतं. उत्तर एकच यायचं होतं, आणि त्याचा अर्थ लावायचं काम तिच्यावर पडायचं होतं.

माघातल्या त्या दिवशी डोमा आपल्या पायानं पाळ चढला. काठी टेकत, पाय ओढत, मध्ये दोनदा थांबून, पण कोणाला हात लावू दिला नाही. टोल्यातली, म्हणजे वस्तीतली, माणसं आधीच जमली होती. अंजनाबाईचा मुलगा पत्रू सकाळचं जाळं टाकून आला होता आणि त्यानं ते बाजूच्या झुडपावर वाळत घातलं होतं. लटारूनं जागा सारवली, दिवा लावला, मातामायला हळद-कुंकू वाहिलं आणि पळसाच्या पानावर मूठभर तांदूळ ठेवला.

इकडची रीत अशी, की कोंबडी मातामायपुढं सोडायची. तिनं दाणा टिपला, म्हणजे मायनं घेतलं. नाही टिपला, तर माय नाही म्हणाली. लटारूच्या उभ्या जन्मात कोंबडी नाही म्हणालेली कोणी पाहिली नव्हती. भुकेली कोंबडी आणि पांढरा तांदूळ, त्यात विचारायचं काय?

लटारूनं तलंग सोडली. आता ती भरली होती. उन्हात काळ्या पिसांवर हिरवी-निळी झाक मारत होती. तिनं तांदळाकडे पाहिलं. मान वाकडी करून पुन्हा पाहिलं. मग पानावरून सरळ चालत जाऊन डोमाच्या पायाशी उभी राहिली.

"कॉऽऊ?"

कोणीतरी हसलं. लटारूनं तिला उचलून परत पानापुढं ठेवलं. ती पुन्हा डोमाकडे गेली. तिसऱ्यांदा लटारूनं तिची चोच दाण्यांपर्यंत नेली, तर तिनं डोळे मिटून घेतले. आता कोणी हसलं नाही.

"काई चुकलं का बाई?" लटारू हळूच म्हणाला. "आठवून पाय. माय उगाच तोंड नाई फिरवत."

"म्या सांगू?" अंजनाबाईच्या आवाजात या वेळी टोमणा नव्हता, भीती होती. "जाळं. बुढा जिता असून त्याचं जाळं कोंबड्याईच्या पायाखाली घातलं हिनं."

तो न ओढलेला, न तोडलेला काऊन देवकाबाईच्या कानात आला. दोन महिने तो कानातच होता. आता तो स्वच्छ ऐकू आला. काऊन? माझं जाळं काऊन? मी आता पाण्यावर कधीच जाणार नाही, असं तू ठरवलंस काऊन?

ती मातामायपुढं बसली नाही. ती डोमापुढं बसली, सगळ्यांदेखत.

"मले समजलं नाई वो," ती म्हणाली. "तुमी नाई म्हनले असान. मले होय ऐकाचं होतं, म्या होय ऐकलं. माय, माह्यं चुकलं, माह्यावर घे. यायच्यावर नको."

डोमानं तिच्याकडे पाहिलं. मग खाली, पायाशी उभ्या कोंबडीकडे. बराच वेळ तो तिच्याकडेच पाहत होता. त्यानं काठी लटारूच्या हातात दिली आणि पाय ओढत झुडपापर्यंत गेला. डाव्या हातानं पत्रूचं ओलं जाळं ओढलं. जाळं फांदीत अडकलं, त्यानं पुन्हा ओढलं.

"अगा अगा, माह्या पोराचं..." अंजनाबाई पुढं झाली.

"राहू दे माय," पत्रू म्हणाला.

जाळं मातीतून फरफटत डोमा मातामायपुढं आला. खाली बसायला त्याला वेळ लागला. त्यानं जाळ्याची एक घडी तांदळाच्या पानावर पसरली, डाव्या हाताच्या पंजानं ताणली, आणि एका बोटानं एक दाणा आसाच्या मधोमध आणला. तसाच, जसा मेथीचा शेंडा आणायचा.

देवकाबाईला तेव्हा उमगलं. या कोंबडीनं जन्मात तांदूळ पाहिला नव्हता, कोंडा आणि भाजी एवढंच. चोचीनं टिपायचं म्हणजे जाळ्यातून टिपायचं, हेच तिला ठाऊक होतं. हे त्या सगळ्या माणसांत एकालाच समजलं होतं. आणि तो गप्प राहिला असता, तर कोंबडी वाचली असती, दोष मात्र देवकाबाईवर राहिला असता. त्याला गप्प राहायला काही करावंच लागत नव्हतं.

"काऊन-काऊन-काऊन," डोमा म्हणाला, जिभेच्या टोकावर घोळवून.

तलंग पंख पसरून आली. जाळ्यावर चढली. मान वाकडी करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आसातून दाणा टिपला. मग दुसरा. मग टपटप, भराभर, पान रिकामं होईपर्यंत.

"घेतलं मायनं," लटारू म्हणाला, पण नेहमीसारखं ओरडून नाही.

तो कोयता घेऊन वाकला तेव्हा देवकाबाईनं तलावाकडे तोंड केलं. डोमानं केलं नाही.

पाळीवरच भात शिजला. पानं वाढली. डोमानं डाव्या हातानं रस्सा कालवून भात खाल्ला, सगळा खाल्ला, मायचा प्रसाद टाकायचा नसतो म्हणून. त्याच्या पानात आलेला तुकडा त्यानं उचलून देवकाबाईच्या पानात ठेवला. तिनं तो खाल्ला. पोट्टे पलीकडच्या पंगतीत होते, आणि त्या दिवशी त्यांनीही कोणाची नक्कल केली नाही.

दुसऱ्या सकाळी देवकाबाई भाजीपाशी गेली. दव होतं. बाकीच्या कोंबड्या जाळ्यावर चालत होत्या. चोची मारून मारून एका कोपऱ्यात दोन-तीन आस तुटले होते, आणि तिथून एक तांबडी कोंबडी अख्खी मान आत घालून मूळ ओढत होती. डोमा काठी टेकत मागून आला आणि आपल्या जागेवर बसला.

"जाळं काढतो," देवकाबाई म्हणाली. "धुऊन खुंटीले लावतो. नवस झाला आता."

"काऊन."

तोच. ना वर, ना खाली. ती वळली आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"आता मी माह्या मनानं नाई लावत अर्थ. होय का नाई, नीट सांगा."

डोमानं डावा हात तिच्यापुढं धरला, पंजा उघडून. तिनं त्यात पाण्याचा तांब्या ठेवला. त्यानं तो खाली ठेवला. मेथीचा शेंडा ठेवला, तो त्यानं तांबडीला टाकला. मग त्यानं तुटलेल्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि हात पुन्हा पुढं केला.

देवकाबाई उठून आत गेली. शिशाच्या गोळ्यांच्या डब्यात जाळं विणायची बांबूची सुई होती, भादव्यातला दोरा अजून तिच्यावर गुंडाळलेला. ती तिनं आणून त्याच्या हातात दिली. डोमानं दोऱ्याचं एक टोक डाव्या पायाच्या अंगठ्यात धरलं, सुई तुटक्या आसातून घातली. गाठ घसरली. पुन्हा घातली. देवकाबाईनं हात पुढं केला, तर आला तो पोट्ट्यांचा तोडून टाकलेला, "काऊन!" तिनं हात मागं घेतला.

गाठ वाकडी बसली, पण बसली. तो पुढच्या आसाकडे सरकला. तांबडी कोंबडी तेवढ्यात पहिल्या गाठीजवळचा शेंडा टिपून मोकळी झाली.